तळ्याकाठचं भाड्याचं घर

परवा आमच्या आळीतल्या एक काकू पेढे घेऊन आल्या. लेकीचं लग्न ठरलं होतं. जावई ठाण्याला नोकरीला, स्वतःचं घर नाही, लग्नानंतर भाड्याचं घर घेणार. पेढा हातावर ठेवता ठेवता काकू म्हणाल्या, "तू आठ वर्षं काढलीस ना गं ठाण्याला? तिला चार गोष्टी सांग की. आम्हाला त्यातलं काय कळतंय? आमची हयात एका घरात गेली."

दुसऱ्या दिवशी मुलगी खरोखरच वही घेऊन आली. मी आपली तलावपाळीपासून सुरुवात केली. संध्याकाळी पाण्यात दिवे कसे उतरतात, कौपिनेश्वराच्या देवळात सोमवारी किती गर्दी असते, वगैरे. तिनं थोडा वेळ ऐकलं आणि विचारलं, "ताई, डिपॉझिट परत मिळतं का हो?"

मी गप्पच झाले. कारण आमच्या ठाण्यातल्या संसाराची सुरुवात नेमकी तिथंच झाली होती, आणि ती गोष्ट मी आजवर सासूबाईंनासुद्धा पुरती सांगितलेली नाही.

आम्ही जून २०१४ मध्ये ठाण्याला गेलो. ह्यांची नोकरी तिकडे लागली होती आणि लेक दोन वर्षांची होती. रत्नागिरीत आमचं जांभ्या दगडाचं, पुढं पडवी नि मागं विहीर असलेलं घर. भाड्यानं राहणं म्हणजे काय हे आमच्या दोन्ही घरांत कुणाला ठाऊक नव्हतं. खरं तर रत्नागिरीला भाडोत्री नवा नाही. ब्रह्मदेशचा थिबा राजा १८८६ साली इथं आणला गेला. त्याचा राजवाडा १९१० च्या सुमाराला बांधून होईपर्यंत तोही दुसऱ्यांच्या बंगल्यांतच राहिला. पण राजाचं भाडं सरकारनं भरलं, आमचं आम्हाला भरायचं होतं!

नौपाड्यात एका जुन्या इमारतीत एक बेडरूम, हॉल, किचन मिळालं. भाडं महिना पंधरा हजार, डिपॉझिट साठ हजार, आणि एका महिन्याचं भाडं दलालाला. साठातले चाळीस हजार ह्यांचे. उरलेले वीस माझे होते. लग्नाआधी दोन वर्षं शिकवण्या करून साठवलेले. ते दिले तेव्हा काही वाटलं नाही, परतच तर मिळायचे होते. मालक गोड बोलणारे गृहस्थ. म्हणाले, "नोंदणीबिंदणीच्या भानगडीत कशाला पडता? शंभराच्या स्टॅंपवर लिहू, नोटरी करू, झालं. अकरा महिन्यांचाच तर करार, त्याला नोंदणी लागत नाही."

आम्ही मान डोलावली. अकरा महिन्यांनी त्यांना घर विकायचं होतं. घर सोडताना त्यांनी रंगाचे, नळाच्या तोटीचे, स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या एका तड्याचे असे पैसे कापत कापत साठातले बावीस हजार ठेवून घेतले. तो तडा आम्ही राहायला आलो तेव्हाही होता. पण तो तेव्हा होता हे सांगणारा कागद आमच्याकडे नव्हता. हे भांडले, मग दमले, मग म्हणाले, "जाऊ दे, ऑफिस सोडून किती खेटे घालू?" मी त्या रात्री ओट्यावरचा तो तडा बोटानं चाचपत उभी राहिले होते. वीस हजार माझे नि वर दोन ह्यांचे, असा हिशेब मनात आला. बोलले नाही.

म्हणून मैत्रिणींनो, तळं नंतर, आधी कागद.

अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हे वाक्य तुम्हाला दलाल सांगेल, मालक सांगेल, कदाचित तुमचे मामंजीही सांगतील. त्यामागे १९०८ चा नोंदणी कायदा आहे. एका वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, म्हणून अकरा महिन्यांची पळवाट. पण महाराष्ट्रात ही पळवाट केव्हाच बुजली. ३१ मार्च २००० पासून आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे. त्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार किती का महिन्यांचा असेना, तो लेखी हवा आणि नोंदलेला हवा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. त्यानं ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि गंमत अशी, की करार नोंदलेला नसेल आणि वाद निघाला, तर ज्या अटींवर घर दिलं त्याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं. ते खोटं आहे हे दुसऱ्या बाजूनं सिद्ध करायचं. म्हणजे त्या ओट्याजवळ मी उभी होते तेव्हा कायदा माझ्या बाजूला उभा होता, फक्त आमची ओळख नव्हती!

खर्चही काही फार नाही. वर्षाचं भाडं, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरून येणारं व्याज, यांची बेरीज करायची, तिच्यावर शेकडा पाव टक्का मुद्रांक शुल्क. अठरा हजार भाडं नि पाऊण लाख डिपॉझिट असेल तर अकरा महिन्यांना पाचशे-सव्वापाचशे रुपये होतात. शहरात नोंदणी फी हजार रुपये. आता तर हे काम घरबसल्या होतं. माणूस लॅपटॉप नि अंगठ्याचं यंत्र घेऊन येतो, मालकाचा नि आपला फोटो काढतो, अंगठे घेतो, चहा पिऊन जातो. त्याची मजुरी वेगळी. हा सगळा खर्च कुणी करायचा ते आधी बोलून घ्यावं. बहुतेक ठिकाणी निम्मा निम्मा करतात.

मालकांच्या बाजूनं एक सांगायला हवं, नाहीतर ते सगळे लबाड असं वाटेल. जुन्या मालकांच्या मनात भाडेकरूची खरोखरच धास्ती असते, आणि तिला कारण आहे. पूर्वी १९४७ चा मुंबई भाडे कायदा होता. भाडं गोठलेलं, भाडेकरू हलत नाही, इमारत गळतेय. ते टाळायला लोक "भाडं" न म्हणता "लायसन्स" म्हणू लागले. मग १९७३ साली कायद्यात बदल झाला आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सवर राहत होते त्यांनाही भाडेकरूचा दर्जा मिळाला. ज्यांच्या वडिलांचं घर असं गेलं त्यांना अकरा महिन्यांच्या वर बारावा महिना उच्चारला तरी घाम फुटतो. नव्या कायद्यानं त्यांची भीती दूर केली आहे. मुदत संपूनही लायसन्सवाला हलला नाही तर त्याला दुप्पट पैसे भरावे लागतात आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून त्याला बाहेर काढता येतं. पण भीती कायद्यानं जाते होय? आमच्या दुसऱ्या घराच्या आजींची गेली नव्हती.

तर ते दुसरं घर. मे २०१५ मध्ये मिळालं, तलावपाळीपासून चालत पाच मिनिटांवर. तिसरा मजला, लिफ्ट नाही. शेजारच्या खोल्यांत मालकीणबाई एकट्या राहत, वय पंचाहत्तरीच्या पुढचं. त्यांनी आमची जी मुलाखत घेतली तशी ह्यांच्या ऑफिसातही झाली नव्हती. गाव कोणतं? आडनाव काय? आडनावानंतर जरा थांबून, कुलदैवत कोणतं? पाहुणे किती येतात? किती दिवस राहतात? आणि शेवटी मुख्य प्रश्न, "मासे खाता?"

आम्ही रत्नागिरीची माणसं. समुद्राच्या तोंडावर खोटं कसं बोलणार? मी म्हटलं, "खातो." आजी म्हणाल्या, "मग कठीण आहे." हे उठायला लागले. मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "आजी, तळ्याकडची खिडकी लावून रविवारी सकाळी करीन. बुधवारी-शुक्रवारी नाही." आजी हसल्या. घर मिळालं. पण हे सगळ्यांच्या बाबतीत असं हसण्यावारी जात नाही, हे मी चार वर्षांत पाहिलं. आमच्याच जिन्यात वर एक खोली रिकामी झाली तेव्हा चांगली कमावती माणसं नुसतं नाव सांगून परत गेली. नाव ऐकल्यावर "घर गेलं हो कालच" असं सांगितलं जायचं. आणि घर दोन महिने रिकामं असायचं. आम्ही आडनावाच्या परीक्षेत पास झालो म्हणून मासे खपले, हे मला त्या दिवशी कळलं नव्हतं, नंतर कळलं, आणि कळल्यावर बरं वाटलं नाही.

आजींचे नियम होते. भिंतीला खिळा मारायचा नाही. आमचं कालनिर्णय चार वर्षं फ्रिजच्या दाराला लोहचुंबकानं चिकटलेलं होतं, दार उघडलं की वाऱ्यानं तिथी बदलायची. रात्री साडेदहानंतर मिक्सर नाही. पाणी सकाळी यायचं, ते भरून झालं की नळ घट्ट बंद आहे की नाही हे आजी स्वतः येऊन बघत. पण नोंदणी करून करार द्यायला त्यांनीच सांगितलं, आणि राहायला गेल्याच्या दिवशी त्यांच्यासमोर मी प्रत्येक भिंतीचा, ओट्याचा, संडासातल्या फरशीचा मोबाइलवर फोटो काढला तेव्हा त्या म्हणाल्या, "शहाणी आहेस." मी म्हटलं, "आजी, बावीस हजारांचं शहाणपण आहे."

त्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून डावीकडे वाकलं की तळ्याचा एक तुकडा दिसायचा, परातीएवढा. बाकी सगळ्या इमारती. समुद्र पाहून वाढलेल्या बाईला तळं ते काय, असं मला आधी वाटायचं. मांडवीच्या बंदरावर उभं राहिलं की पुढं काही नाहीच, नुसतं पाणी. ठाण्याच्या तळ्याला मात्र चारी बाजूंनी गाव लागलेलं. पाळ म्हणजे बांध, तळ्याची पाळ ती तलावपाळी. मासुंदा हे तळ्याचं खरं नाव, पण ते फारसं कुणी घेत नाही. एका काठाला कौपिनेश्वर, जवळच चर्च, आणि १९७८ साली बांधलेलं गडकरी रंगायतन. ठाण्याला तळ्यांचं गाव म्हणतात ते उगाच नाही. पूर्वी साठाच्या वर तळी होती म्हणतात, आता पस्तीसेक उरलीत. उरलेली गेली कुठं? तर आपण राहतो तिथं. तळं बुजवून कुठं रस्ता, कुठं इमारत. पावसाळ्यात ज्या सोसायटीच्या तळमजल्यात पाणी शिरतं, तिथल्या जुन्या माणसाला विचारावं, इथं आधी काय होतं.

तरीपण लहान घरात राहणाऱ्या बाईला तळं म्हणजे काय, हे तिथं राहिल्याशिवाय कळत नाही. साडेतीनशे चौरस फुटांत नवरा, लेक, अधूनमधून येणाऱ्या सासूबाई आणि गावाहून मुंबईला दवाखान्यासाठी आलेलं कुणीतरी. रागवायचं म्हटलं तरी दार लावायला दुसरी खोली नाही. संध्याकाळी पावणेसहाला मी लेकीला घेऊन तलावपाळीवर जायची. तो आमचा बिनभाड्याचा दिवाणखाना. पाण्यात होड्या, कडेला फेऱ्या मारणारे लोक, भाजलेलं कणीस, कॉलेजची पोरं, वर्तमानपत्र चौघांत वाटून वाचणारे आजोबा. माझ्यासारख्या पुष्कळ जणी तिथं असत. बाकावर बसून कुणी मेथी निवडायची, कुणी माहेरी फोन लावून रडून घ्यायची. तिथं दुसऱ्याचं रडणं कुणी बघत नाही, हा शहराचा मोठा गुण. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "ह्याला काय समुद्रासारखा वारा नाही." आठ दिवसांनी त्याच म्हणू लागल्या, "सहा वाजले गं, चल."

दिवाळीला पहाटे तिथं तरुण मुलांचा जो मेळा लोटतो तो बघावा. आणि नाटक! रत्नागिरीत नाटक येतं ते वर्षातून काही वेळा. तिथं शनिवार-रविवार दारात. बाल्कनीचं तिकीट काढून मी नि शेजारची वहिनी जायचो, मध्यंतरात बटाटेवडा खायचा हे ठरलेलं. जवळच ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९३ सालचं. तिथली पुस्तकं मी दुपारी लेक झोपली की वाचायची. पुढं इथं शाळेत अर्धवेळ मराठी शिकवायला मिळालं, त्याची तयारी त्या दुपारींत झाली असं मी समजते.

आता तळ्याचं दुसरं अंग. डास! तळ्याच्या जवळ घर घेणार असाल तर खिडक्यांना जाळी आहे का बघा, नसेल तर भाडं ठरवतानाच मालकाकडून बसवून घ्या. नंतर "बघू" म्हणतात. उन्हाळ्यात पाणी कमी झालं की वास येतो, निर्माल्य नि पिशव्या काठाला लागतात. गणपतीत तळ्याशेजारी पालिका कृत्रिम हौद करते, तिथंच विसर्जन करावं. आमच्या सासूबाई पहिल्या वर्षी हटून बसल्या होत्या, हौदात कसा द्यायचा देव? मग तळ्याच्या काठाला तरंगणारं गेल्या खेपेचं निर्माल्य त्यांनी पाहिलं आणि स्वतःच हौदाकडे वळल्या. तळी ही घाट-मंदिरांसारखी शिलाहारांच्या काळापासूनची ठेव मानतात. ती सांभाळायला पालिका काही बसून पुरणार नाही.

काकूंच्या लेकीला वहीत लिहून घ्यायला जे सांगितलं ते इथंही देते. घर बघायला दुपारी जाऊ नये, सकाळी पाणी यायच्या वेळेला जावं नि नळ सोडून बघावा. शक्य असेल तर पावसाळ्यात एकदा भिंतींना हात लावून यावा. रंग नवा असेल तर जास्तच. ओल रंगाखाली लपते, बोटाला लपत नाही. विजेच्या मीटरचा आकडा राहायला जाताना नि सोडताना दोघांसमक्ष टिपावा. आधीच्या भाडेकरूचं थकलेलं बिल आमच्या एका शेजारणीच्या गळ्यात पडलं होतं. सोसायटी बिगरवापर शुल्क घेते, ते मालकानं भरायचं की आपण, हे करारात लिहावं. ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, असा शासनाचा १ ऑगस्ट २००१ पासूनचा आदेश आहे, पण पुष्कळ भाडेकरूंना हे माहीत नसतं. भाडं रोख देऊ नये, बँकेतून द्यावं. वर्षाचं भाडं लाखाच्या वर गेलं आणि नवऱ्याला ऑफिसात घरभाड्याची करसूट हवी असेल तर मालकाचा पॅन नंबर लागतो. तो करारातच येतो, पण काही मालक नेमके इथंच अडतात. जे अडतात त्यांचं घर मी तरी घेणार नाही. आणि करारावर बायकोचंही नाव घालावं. नवरा दौऱ्यावर असताना सोसायटीच्या ऑफिसात "तुम्ही कोण?" हा प्रश्न मी ऐकलेला आहे. स्वतःच्या घराच्या दारात!

घर बदलताना गोणपाटं नि खोके किराणावाल्याकडून मिळतात. काचेची भांडी वर्तमानपत्रात न बांधता टॉवेल-साड्यांत बांधावीत, दोन्ही कामं होतात. पहिल्या रात्रीची पिशवी वेगळी: देवांचा डबा, चहा-साखर, गाळणं, काडेपेटी, एक बल्ब, स्क्रू ड्रायव्हर, मुलाचं औषध. चारदा घर हलवल्यावर मला हे सुचलं, तुम्हाला पहिल्याच खेपेला सुचावं.

आजींकडे आम्ही चार करार केले. दर अकराव्या महिन्याला पोटात गोळा यायचा. आजी काही बोलत नसत, पण दर खेपेला हजार-बाराशे वाढत नि वर "बघू पुढच्या वर्षी" हे वाक्य असायचं. मे महिन्यात गावाहून आंब्याची पेटी आली की पहिला डझन आजींकडे. ह्याला कुणी लाच म्हणेल. म्हणो बापडे. त्याच आजींनी माझी लेक तापानं फणफणली तेव्हा रात्री दोन वाजता मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवल्या होत्या, आणि हे तेव्हा पुण्याला होते. रविवारच्या बांगड्याचा वास यायचा तेव्हा त्या स्वतःचं दार लावून घ्यायच्या, आणि आमच्याकडे कधी तक्रार केली नाही.

मग जानेवारी २०१९ आला. इमारत पुनर्विकासाला जायची होती. नौपाड्यात जिकडे तिकडे तेच चाललंय. जुन्या तीन मजली इमारती जातात नि टॉवर येतात. मालकांना नवं मोठं घर मिळतं, बांधून होईपर्यंत राहायला बिल्डर भाडं देतो, वर काही रक्कम. पागडीवाल्या जुन्या भाडेकरूंनाही हक्क असतो. आम्हाला, लिव्ह अँड लायसन्सवाल्यांना, करार संपल्याची तारीख. त्यात बेकायदा काही नाही. लेक पहिलीत होती, शाळा चालत सात मिनिटांवर, परीक्षा तोंडावर. एकाच महिन्यात त्याच भागातली तीस-चाळीस कुटुंबं घरं शोधत होती, त्यातले निम्मे मालक होते नि त्यांचं भाडं बिल्डर देणार. त्यांच्यापुढं आमचा काय पाड? भाडी पंधरा दिवसांत चढली.

आजींनी डिपॉझिट पै न पै परत दिलं. देताना म्हणाल्या, "मला तरी कुठं जायचंय बाई? मुलगा म्हणतो पुण्याला चल. तिथं तळं नाही." पुण्यात पाषाणला, कात्रजला तळी आहेत हे मला माहीत होतं. मी काही बोलले नाही. त्या कुठल्या तळ्याबद्दल बोलत होत्या ते मला कळलं होतं.

तिसरं घर पाचपाखाडीत, कचराळी तळ्याजवळ. भाडं एकवीस हजार, म्हणजे माझी छोटी-मोठी हौस बंद. तिथं लिफ्ट होती, शेजार मात्र नव्हता, दारं बंद. कचराळीला फेरी मारायला चांगली वाट आहे, महापालिकेची इमारतही जवळच. सकाळी फिरणाऱ्यांची गर्दी. पण मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली नि तळीही बंद झाली. गेटला कुलूप. दोन खोल्यांत तीन माणसं, त्यातलं एक ऑफिसात, एक शाळेत, दोन्ही एकाच टेबलावर. ह्यांचा पगार तीन महिने अर्धा आला. त्या एप्रिलमध्ये शासनानं घरमालकांना सूचना केली होती की निदान तीन महिने भाडं वसूल करणं पुढं ढकला, थकलं म्हणून कुणाला घराबाहेर काढू नका. मी फोन करायच्या आधी तीन दिवस वाक्यं जुळवत होते. मालक तरुण मुलगा होता. त्यानं मला वाक्य पुरं करू दिलं नाही. म्हणाला, "वहिनी, निम्मं द्या आत्ता. माझाही हप्ता आहे, नाहीतर तेवढंही मागितलं नसतं." उरलेलं आम्ही दिवाळीपर्यंत फेडलं. पहिल्या घराचे मालक नि हा मुलगा, दोघांनाही "घरमालक" हाच एक शब्द आहे.

मे २०२२ मध्ये लेकीची चौथी संपली आणि आम्ही परत आलो. मामंजी आदल्या वर्षी गेले होते, सासूबाई एकट्या. ह्यांना महिन्यातून आठ दिवस तिकडं जावं लागतं, बाकी काम इथून होतं. मला शाळेत अर्धवेळ काम मिळालं. तिकडचा खर्च गेला तसा तिकडचा पगाराचा भत्ताही गेला. मग मागीलदारच्या दोन खोल्या, ज्यात आजवर नारळ, सुकवलेली कोकमं नि मोडक्या खुर्च्या होत्या, त्या साफ करून भाड्यानं द्यायचं ठरलं.

आणि मैत्रिणींनो, मी घरमालकीण झाले!

पहिलं जोडपं बघायला आलं. बँकेतली मुलगी, नवरा खासगी नोकरीत, दोघं लातूरकडचे. मी चहा ठेवला, आणि माझ्या कानांनी ऐकलं, मी विचारत होते, "पाहुणे फार येतात का हो तुमच्याकडे?" चमचा हातात तसाच राहिला. सासूबाईंनी तोवर पुढचा प्रश्न टाकलाच, "आडनाव काय म्हणालात?" मी घाईघाईनं साखर विचारली. ते गेल्यावर आमचा थोडा वाद झाला. सासूबाई म्हणाल्या, "विचारलं तर काय बिघडलं? कोण राहतंय ते कळायला नको?" कळायला हवं, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहितीही द्यायची असते. पण त्याला आधार कार्ड पुरतं, असं मी म्हटलं. त्या दोन दिवस माझ्याशी मोजकं बोलल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "पोरगी बरी वाटली. कर काय करायचं ते."

नोंदणी केली. डिपॉझिट दोन महिन्यांचं घेतलं, जास्त नाही. ते मी वेगळ्या खात्यात ठेवलंय, हात लावत नाही. सुरुवातीला त्या मुलीला इथल्या पावसानं जेरीस आणलं. जुलैत कपडे वाळेनात, भिंतीला बुरशी. मी तिला चुलीवरच्या वळणीची जागा दिली. पाण्याची मोटर चालू ठेवून ती दोनदा ऑफिसला गेली, तेव्हा मी जे बोलले त्यात आजींचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. लाईट बिलावरून एकदा खटकलं. तिनं मीटरचा फोटो दाखवला, तिचं बरोबर होतं. तो फोटो काढून ठेवायला मीच तिला सांगितलं होतं.

परवा ती दारात आली, हातात कालनिर्णय. "वहिनी, एक विचारू? भिंतीला खिळा मारला तर चालेल?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं, तोच आतून सासूबाई ओरडल्या, "जांभ्याची भिंत आहे ती, असा खिळा धरायचा नाही. भुगा पडेल नुसता. सुताराला बोलाव नि गुल्ली ठोकून घे म्हणावं. पैसे मी देत्ये."